ओल्ड गोव्यातलं से कॅथेड्रल नीट बघायचं असेल तर

आमच्याकडे फोंड्याला येणारे पाहुणे बहुतेक सांगली-कोल्हापूरकडचे, आणि त्यांचा प्लॅन घरून निघतानाच ठरलेला असतो, सकाळी मंगेशी, मग म्हार्दोळ, मग जाता जाता ओल्ड गोव्यात "ते झेवियरचं शव ठेवलंय ते चर्च" आणि संध्याकाळी मिरामार. रस्त्याच्या पलीकडे जे भलंमोठं पांढरं चर्च उभं आहे त्याच्यासमोर दोन फोटो काढायचे आणि गाडीत बसायचं. ते पांढरं चर्च म्हणजे से कॅथेड्रल, आणि मला दरवेळी मनापासून वाईट वाटतं, कारण अख्ख्या ओल्ड गोव्यात एकच जागा निवांत बघायला वेळ असेल तर मी डोळे मिटून तिथेच घेऊन जाईन. एकदा आमचे पाहुणे एका टुरिस्ट बसने गेले होते, त्यांना दोन्ही चर्च मिळून वीस मिनिटं दिली होती, आत्याला गुडघेदुखी, ती पायऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर शिट्टी वाजली. त्यानंतर मी ठरवलं की कोणी विचारलं की सगळं व्यवस्थित लिहूनच द्यायचं. तेच इथे लिहितोय, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी, काही माहीत नाही असं धरून.

आधी नावाचा घोळ सोडवू. पणजीत बाजाराजवळ नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं जे चर्च सगळ्या फोटोत दिसतं ते कॅथेड्रल नाही, ते पणजीचं चर्च, इमॅक्युलेट कन्सेप्शनचं. सुंदरच आहे, पण वेगळं. कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च नाही, ज्या चर्चमधे त्या प्रांताच्या बिशपची, म्हणजे मुख्य धर्मगुरूची, खुर्ची असते ते कॅथेड्रल. "से" हा पोर्तुगीज शब्दही आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलाय. म्हणजे गोवा आणि दमणच्या आर्चबिशपचं हे अधिकृत पीठ, आपल्याकडे एखाद्या मठाची गादी म्हणतो ना तसं काहीसं. आर्चबिशप राहतात पणजीला आल्तिनोवर, पण गादी इथली. समोरचं लाल दगडाचं बॉम जीझस, म्हणजे तेच झेवियरचं चर्च, ही बॅसिलिका, तो पोपनी दिलेला मान आहे. एवढं कळलं की गाइड काय बोलतोय ते डोक्यावरून जात नाही.

पोचायचं कसं

पणजीहून ओल्ड गोवा नऊ-दहा किलोमीटर. कदंब बसस्टँडवरून फोंड्याच्या बऱ्याच बस ओल्ड गोव्यावरून जातात, कंडक्टर ओरडतच असतो, तरी चढताना एकदा विचारून घ्या, "रायबंदरवरून जाते का?" रायबंदरची मिळाली तर तीच घ्या, थोडा वेळ जास्त लागतो पण रस्ता मांडवीच्या काठाने जातो, आणि पणजी सोडल्यावर जो लांबलचक सरळ बांध लागतो तो पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला आहे, अजून त्याच्यावरून बस धावतात. डाव्या बाजूला नदी, उजव्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. उतरायचं गांधी सर्कलला. फोंड्याकडून येणार असाल तर सरळ येताच, वेगळं काही सांगायला नको. रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन अगदी जवळ, बाहेर रिक्षा नाहीतर पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला, मिळतो. बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या. स्वतःची गाडी असेल तर पार्किंगमधेच लावा, कडेला कुठेतरी घुसवू नका, रस्ता अरुंद आहे आणि टुरिस्ट बसना वळायला जागा लागते.

टाइम. सकाळी लवकर या, शक्यतो साडेआठ-नऊच्या सुमारास. एक तर दहानंतर बसगाड्या येतात आणि दुसरं म्हणजे सेचं तोंड पूर्वेकडे आहे, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ दर्शनी भिंतीवर पडतं आणि पांढरा चुना असा उजळतो की बघत राहावं. दुपारनंतर तीच भिंत सावलीत जाते. रविवारी सकाळी प्रार्थना असते, कोकणीत तिला मीस म्हणतात, त्या वेळी हिंडून बघायचं नसतं, बसायचं असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. दाराशी वेळांचा बोर्ड असतो, आत शिरायच्या आधी तो वाचा. आत जायला तिकीट नाही.

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस आणि ३ डिसेंबर, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, यात मुद्दाम येणार असाल तर छानच, नऊ दिवस आधीपासून नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या प्रार्थना, चालू असतात, रस्त्यावर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, खाजें, चणे, प्लॅस्टिकच्या खेळण्यांपासून फर्निचरपर्यंत सगळं. लोक लांबून चालत येतात. पण वास्तू बघायची असेल तर ते दिवस सोडून या, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आणि दर दहा वर्षांनी झेवियरच्या अवशेषांचं प्रदर्शन होतं तेव्हा त्यांची पेटी बॉम जीझसमधून मिरवणुकीने इथे सेमधे आणून ठेवतात. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं, आता हिशेबाने २०३४.

आत शिरायच्या आधी, हे नक्की वाचा

हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण आपल्या लोकांचे इथे प्रश्न फार असतात आणि विचारायला लाजतात, मग काहीतरी चुकतं आणि तिथली माणसं नाराज होतात.

चपला काढायच्या का? नाही. चर्चमधे चपला-बूट घालूनच जातात. आमची आई पहिल्यांदा आली तेव्हा पायरीवर चपला काढून अनवाणी आत गेली, कोणी काही म्हटलं नाही, पण बाहेर येईपर्यंत जीव चपलांत. टोपी मात्र पुरुषांनी काढायची. बायकांनी डोक्यावर पदर घ्यायलाच हवा असं नाही. कपडे अंगभर हवेत, बीचवरून थेट आला असाल तर शॉर्ट्स आणि बनियन टाइप कपड्यांवर शिरू नका, पिशवीत एक ओढणी नाहीतर पंचा ठेवा.

दाराजवळ पाण्याचं छोटं भांडं दिसेल. ते पवित्र पाणी, त्यात बोट बुडवून ते लोक खुरसाची, म्हणजे क्रूसाची, खूण करतात. ते तीर्थ म्हणून प्यायचं नसतं, हात धुवायचे तर अजिबात नाहीत.

बाकांच्या समोर खाली एक लांब फळी असते, कधी गादी लावलेली. ती पाय ठेवायला नाही, गुडघे टेकायला आहे. लहान मुलं त्याच्यावर उभी राहतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. कडेला लाकडी कपाटासारखं दिसतं ते कन्फेशनचं, पापाची कबुली द्यायची जागा, त्यात बसून फोटो काढू नका, मी लोकांना काढताना बघितलंय आणि मला खरंच लाज वाटली.

सगळ्यात महत्त्वाचं, मीस चालू असताना शेवटाकडे लोक रांग लावून पुढे जातात आणि पाद्री प्रत्येकाला एक पांढरी गोल चकती देतात. आपल्याला वाटतं प्रसाद वाटतायत, आणि प्रसादाला नाही म्हणू नये असं लहानपणापासून शिकवलेलं. पण ती प्रसादासारखी सगळ्यांना वाटायची गोष्ट नाही. त्यांच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचं शरीर, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या, त्यासाठी तयार असलेल्या कॅथलिक माणसानेच ते घ्यायचं असतं. तुम्ही बाकावर बसून राहिलात तर कोणाला काही वाटत नाही. रांगेत उभं राहून घेतलंत आणि खिशात टाकलंत तर मात्र तो फार मोठा अपमान होतो.

मोबाइल सायलेंट, फ्लॅश बंद, आल्ताराकडे, म्हणजे पूजेच्या वेदीकडे, पाठ करून पोझ देऊन फोटो नको. दोरी लावली असेल तिच्या पलीकडे जायचं नाही. बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात, काहींकडे मेणाचे हात, पाय, बाळ असंही असतं, ज्याचा जो अवयव दुखतो त्याचा नवस. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात त्यातलंच. घ्यायचं तर किंमत आधी विचारा, नको असेल तर हसून नको म्हणा, आणि मेणबत्ती आतमधे कुठेही चिकटवू नका, लावायची जागा ठरलेली असते.

बाहेरून बघताना

रस्त्याकडच्या गेटने हिरवळीतून आलात की आधी बाजूची लांबच लांब भिंत लागते. तिथून थेट आत घुसू नका, उजवीकडून पुढच्या अंगाला या आणि पायऱ्यांपासून चांगलं पन्नास पावलं मागे जाऊन उभे राहा. आता बघा, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय का? डावीकडे मनोरा आहे, उजवीकडे नाही. मुळात दोन होते. उजवीकडचा १७७६ साली कोसळला, वीज पडून असं सांगतात, आणि परत कोणी बांधलाच नाही. तोपर्यंत ओल्ड गोव्याची, म्हणजे पोर्तुगीजांच्या तेव्हाच्या राजधानीची, रयाच गेली होती, पटकीच्या आणि तापाच्या साथींनी शहर ओस पडलं, व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा इथला प्रतिनिधी, १७५९ लाच पणजीला राहायला गेला होता, आणि १८४३ मधे राजधानीही अधिकृतपणे पणजी झाली. म्हणजे तो नसलेला मनोरा बघितला की या शहराचं काय झालं ते कळतं.

जो मनोरा आहे त्यात पाच घंटा आहेत, त्यातली एक "सोन्याची घंटा", गोव्यातली सगळ्यात मोठी. आता गाइड लोक काय काय सांगतात, इतके किलो सोनं वगैरे, पण तिला सोन्याची म्हणतात ते आवाजावरून. कुंकळ्ळीला ओतलेली आहे. ज्यांना घंटांची आवड आहे त्यांच्यासाठी, गोव्यातली दुसऱ्या नंबरची घंटा तुम्ही येताना बघितलेल्या पणजीच्या चर्चमधे आहे, ती मुळात इथल्याच टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या चर्चची.

साइजचा अंदाज यावा म्हणून, लांबी साधारण ७६ मीटर, म्हणजे क्रिकेटची जवळपास चार पिचेस एकापुढे एक. रुंदी ५५ मीटर. काम सुरू झालं १५६२ मधे, राजा दों सेबास्तियांवच्या काळात, पैसा सरकारी खजिन्यातला, आणि बांधून झालं १६१९ ला. सत्तावन्न वर्षं. आतले आल्तार तर १६५२ पर्यंत चालूच होते. ज्या गवंड्याने पाया घातला त्याच्या नातवाने छप्पर बघितलं असणार. मधल्या दरवाजाच्या वर लॅटिनमधे कोरलेला लेख आहे तो या कामाचाच.

भिंत हाताशी येईल तिथे जरा जवळ जाऊन बघा. आत सगळा चिरा आहे, आपला जांभा, ज्याने इथली घरं, विहिरी, कुंपणं सगळं बांधतात. वरून चुन्याचा गिलावा. आता मान वळवून रस्त्यापलीकडचं बॉम जीझस बघा, ते लालभडक दिसतंय. लोकांना वाटतं तसंच बांधलंय, आणि फोटोत छानही दिसतं, पण त्याच्यावरही गिलावा होता, १९५० च्या दशकात तो काढून टाकला. जांभा स्पंजासारखा असतो, पाणी पितो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्याचा पाऊस आडवातिडवा लागतो, तो उघड्या चिऱ्यात मुरतो आणि दगड भुसभुशीत होत जातो. गिलावा परत करावा की लाल रूप तसंच ठेवावं यावर इथे बरीच वर्षं वाद चाललाय. माझं मत विचाराल तर गिलावा करावा. शोभेपेक्षा भिंत टिकणं महत्त्वाचं. या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत म्हणून हा फरक रस्त्यात उभं राहून दिसतो, तो मुलांना जरूर दाखवा.

आत गेल्यावर

पणजीत आमच्या ऑफिसजवळ राहणाऱ्या एक कॅथलिक आंटी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर इथे आलो तेव्हा आत शिरल्या शिरल्या मोबाइल काढून डावीकडच्या पहिल्या चॅपेलकडे, म्हणजे बाजूच्या छोट्या प्रार्थनाघराकडे, निघालो, तर त्यांनी बाही धरून मला बाकावर बसवलं. "पयलीं बस मातशें, मागीर पळय." आधी जरा बस, मग बघ. तीच माझी पहिली स्टेप आहे आणि सगळ्यांना तेच सांगतो. मधल्या बाकांवर, साधारण मध्यावर, पाच मिनिटं काही न करता बसा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना आतला उजेड सवयीचा व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग हळूहळू कळतं की वरचं छत अर्ध्या पिंपासारखं गोल आहे, दोन्ही बाजूंना जाडजूड खांबांची रांग आहे, खांबांच्या पलीकडे चॅपेलं आहेत, आणि सगळीकडे पांढरं, पांढरं, पांढरं, आणि त्या पांढऱ्याच्या टोकाला एकदम सोनं.

ते सोनं म्हणजे मुख्य आल्तार, सेंट कॅथरीनचा. हे चर्च तिच्याच नावाचं. का, तर पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला ती तारीख २५ नोव्हेंबर १५१०, आणि २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनचा दिवस. आता पुढे जाऊन दोरीपाशी उभे राहा आणि आल्तारामागची कोरीव भिंत बघा. नुसतं "किती सोनेरी!" म्हणून परत फिरू नका, त्यात कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग सहा मोठ्या चौकटींत कोरलेत, मंदिराच्या भिंतीवर रामायण बघतो तसं वाचायचं. गोष्ट अशी की कॅथरीन ही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, खूप शिकलेली मुलगी. रोमन सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा ती त्याला जाऊन भिडली. त्याने तिला वादात हरवायला पन्नास पंडित बोलावले, तिने त्या सगळ्यांना निरुत्तर केलं. मग तिला खिळे लावलेल्या चाकावर मारायची शिक्षा दिली, तर चाकच मोडलं. शेवटी तिचा शिरच्छेद केला, आणि देवदूतांनी तिचा देह सिनाय पर्वतावर नेला अशी श्रद्धा. तर तिची खूण आहे चाक. कुठल्याही चर्चमधे हातात किंवा पायाशी काटेरी चाक असलेली बाई दिसली की ती कॅथरीन. माझ्या भाचीला हे सांगितल्यावर ती पुढचे दोन दिवस जिथे तिथे चाक शोधत होती.

सकाळच्या वेळी आत गर्दी नसेल तर खालच्या चौकटींपासून सुरुवात करून सावकाश बघा. मान दुखते, म्हणून मधे मधे बसा.

मग बाजूची चॅपेलं. दोन्हीकडे चार-चार. सगळ्यांसमोर तेवढाच वेळ थांबायची गरज नाही, सरळ सांगतो. दोन मात्र चुकवू नका, आणि ती सापडायला सोपी आहेत, कारण त्या दोघांनाच समोर जाळीदार कोरीव लाकडी पडदा आहे. एक ब्लेस्ड सॅक्रामेंटचं, म्हणजे मघाशी सांगितलेल्या त्या पवित्र चकतीचं, ते शांत प्रार्थनेसाठी असतं, तिथे बोलूच नका. दुसरं चमत्काराच्या खुरसाचं. हा खुरीस मुळात जवळच्या टेकडीवर उभा होता, १६१९ मधे त्याच्यावर ख्रिस्ताचं दर्शन झालं असं मानतात, आणि तो वाढतो अशीही श्रद्धा आहे. आता तो पेटीत बंद आहे, पण भाविकांना हात लावता यावा म्हणून पेटीला एक छोटं भोक ठेवलंय. मी तिथे एकदा एका म्हाताऱ्या बाईंना बघितलं, काळा घागऱ्यासारखा ड्रेस, हातात रुमाल. त्यांनी रुमालाची घडी करून बोटांना गुंडाळली, भोकातून हात आत सरकवला, खुरसाला रुमाल टेकवला, डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग तोच रुमाल शेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या कपाळाला आणि दोन्ही गुडघ्यांना लावला. पंढरपूरला पायरीची माती कपाळाला लावणारी माणसं बघितलेल्याला यात परकं काही वाटत नाही. तुम्हाला हात लावायचा असेल तर लावा, पण तिथे कोणी प्रार्थना करत असेल तर त्यांचं होऊ द्या.

बाहेर पडायच्या आधी दाराजवळचं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र बघा. ते १५३२ सालचं, म्हणजे या इमारतीपेक्षा तीस वर्षांनी जुनं. फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला १५४२ ला, त्याने याच पात्रातून लोकांना बाप्तिस्मा दिला असं सांगतात. तिथेच जवळ सेंट क्रिस्तोफरचं मोठं चित्र आहे, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड माणूस. आपल्या लोकांना ते बघून हमखास वसुदेव आठवतो.

एक गोष्ट जी गाइड पटकन उरकतो

मी फोंडा तालुक्यातला, म्हणून हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १५६२ ला इथे पाया खणला जात होता, आणि त्याच १५६० च्या दशकात आमच्या भागात रातोरात देव येत होते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता म्हणून. १५६० लाच इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात सुरू झालं, त्याचा वाडा या कॅथेड्रलजवळच्याच चौकात होता, आता त्याची खूणही नाही, ते कायमचं बंद झालं १८१२ ला. शिक्षा जाहीर व्हायच्या त्या दिवशी हीच सोन्याची घंटा वाजवली जायची. सकाळी मंगेशी बघून दुपारी इथे येता तेव्हा तुम्ही एकाच गोष्टीची दोन टोकं बघत असता, ते माहीत असलेलं बरं. मी दोन्हीकडे हात जोडतो. आज बाकावर बसलेल्या आंटीचा त्यात काही दोष नाही, त्यांच्या पूर्वजांवरच ते सगळं गुदरलं होतं, आणि तरी झालेलं झालं नाही असंही कोणी म्हणू नये. ग्रुपमधे कोणाला यावर बोलायचं असेल तर बाहेर हिरवळीवर बसून बोला, आत नको.

इथून पुढे

सेच्या मागच्या अंगालाच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे, त्याचं तोंड उलटीकडे, पश्चिमेला. आतली लाकडी रंगीत कारागिरी बघण्यासारखी, आणि जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या कोरीव थडग्यांच्या फरश्या, जपून चाला. त्याला लागून पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, तिकीट लागतं, शुक्रवारी बंद असतं. तिथे आल्बुकेर्कचा पुतळा आहे आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांगच्या रांग, पण माझं मन जास्त रमतं ते कदंब काळातल्या मूर्ती आणि वीरगळांत.

पूर्वेच्या बाजूने नदीकडे उतरलात की व्हाइसरॉयची कमान, १५९९ मधली, वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली. आताची आहे ती १९५४ ला परत बांधलेली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीतून शहरात यायचा. तिच्या पुढे फेरीचा धक्का, पलीकडे दिवाडी बेट. या दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं, ते पाडल्यावर देव पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि तिथलं देऊळ १६६८ मधे शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. वेळ असेल तर फेरीने दिवाडीला जाऊन या, पायी माणसाला काही अवघड नाही.

बॉम जीझस शेवटी ठेवा. झेवियरच्या अवशेषांची पेटी तिथे उंचावर आहे, रांग सरकत राहते. मराठी माणसाने आठवावी अशी गोष्ट, नोव्हेंबर १६८३ मधे संभाजी महाराज ओल्ड गोव्याजवळच्या जुवे बेटापर्यंत आले, शहर आता पडतंय असं वाटलं तेव्हा घाबरलेल्या व्हाइसरॉयने, कोंद द आल्व्होरने, इथे येऊन आपला राजदंड झेवियरच्या देहापाशी ठेवला आणि आता तूच सांभाळ म्हणाला.

पायात त्राण असेल तर टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा तुटका मनोरा, ४६ मीटरचा. तिथे गेलात की एक प्रश्न पडतो, हे एवढं कोसळलं आणि से कसं काय टिकलं? १८३५ मधे सरकारने सगळ्या संन्यासी पंथांना गोव्यातून घालवलं, त्यांचे मठ रिकामे झाले, रिकाम्या इमारतीचं छप्पर गळायला लागलं की संपलंच, ऑगस्टीनचं छत १८४२ ला पडलं आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ ला. से बिशपचं होतं, तिथे रोज मीस होत राहिली, रोज कोणीतरी दार उघडत राहिलं. १९८६ पासून ही सगळी चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

खायचं म्हणाल तर गांधी सर्कलजवळ साधी हॉटेलं आहेत, सकाळी पातळभाजी-पाव आणि चहा, मिरची भजी असेल तर नक्की. पूर्ण शाकाहारी असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी "शिवराक आसा?" असं विचारा, लगेच कळतं. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, एप्रिल-मे मधे हिरवळीवरून चालताना ऊन डोक्यात जातं, पावसाळ्यात छत्री हवीच आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. नुसतं से आणि मागचं चर्च बघायला दीड तास, म्युझियम धरून अडीच, सगळंच करायचं तर अर्धा दिवस. परत पणजीला जाताना रायबंदरची बस पकडा आणि या वेळी उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, नदी तिकडून दिसते.